वाखाचा वास

प्रेमाबाईंना उभ्या जन्मात कशाचा तिटकारा असेल, तर तो कुजलेल्या केकताडाच्या वासाचा. आणि पुण्याच्या समितीनं त्यांच्या पदरात नेमकं तेच काम टाकलं होतं.

केकताड शिरूर तालुक्यात कुठंही बघा. बांधावर, ओढ्याच्या कडेला, जिथं गवताची काडी उगवत नाही तिथंही ते आपली लांब, जाड, काटेरी टोकाची पानं पसरून ऐसपैस बसलेलं असतं. ही पानं तोडायची, ठेचायची आणि नदीकाठच्या डबक्यात दगडाखाली भिजत घालायची. गर सडला की उपसून मोगरीनं बडवायची, खरवडायची, धुवायची, उन्हात टाकायची. मग जे हाती राहतं तो वाख. लांब, पांढरा, म्हातारीच्या केसांसारखा. त्याचे दोर होतात, शिंकी होतात, पिशव्या होतात, आसनं होतात. बघणारा म्हणतो, वा, काय देखणं काम! म्हणायला त्याचं काय जातंय? त्याला डबक्याच्या काठी कुणी उभं केलेलं नसतं. मेलेलं जनावर, नासकं ताक आणि तुंबलेली मोरी यांचा एकत्र वास कसा येईल, तसा तो वास. नाकात शिरतो, केसांत बसतो आणि जेवताना भाकरीलासुद्धा येतो.

प्रेमाबाई या वासातच जन्मल्या होत्या. त्यांचे वडील येशुदास घोडनदीच्या मिशनच्या आवारात दोर वळायचे. बाप्तिस्मा घेण्याआधी गावकीत वळायचे. मांगाचा धंदाच तो. धर्म बदलला, नाव बदललं, हाताचा वास तेवढा बदलला नाही. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला की लहानगी प्रेमा मान काढून घ्यायची. पुढं मिशनच्या मडमेनं तिला शाळेत घातलं, वाखकामाचे नवे नवे नमुने शिकवले. चष्मा, पांढरं पातळ, शुद्ध बोलणं आणि वासाचा साबण एवढं बरोबर घेऊन प्रेमाची प्रेमाबाई झाली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. पोटासाठी त्यांनी समितीची नोकरी धरली, आणि समितीनं त्यांना सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात इनामगावच्या खालच्या अंगाला, घोड नदीच्या काठच्या एका गावात पाठवलं. खेड्यातल्या भगिनींना वाखकाम शिकवायचं, त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं. उभं करायचं म्हणजे काय, हे समितीला ठाऊक असावं.

गावात पाऊल टाकल्या टाकल्या लोकांनी बाईंची जात ठरवून टाकली. एवढं स्वच्छ बोलतेय, अंगठ्याएवढ्या जाड भिंगाचा चष्मा लावतेय, म्हणजे मिशनची असली तरी मुळातली बामणाचीच असणार. सरपंच मारुतरावांच्या घरच्या गिताबाईंनी तर तसं बोलूनही दाखवलं. "तुमचे आजोबा बाटले असतील बाई, पर रगत कुठं जातंय?" असं म्हणून त्यांनी ओसरीवर बसवून कपबशीत चहा दिला. प्रेमाबाईंनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फुंकर मारली आणि चहा प्यायल्या. चहाला आल्याचा सुरेख वास होता.

वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरायचा ठरला. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मराठ्यांच्या घरच्या पंधरावीस बायका हळदीकुंकवाला जमाव्यात तशा जमल्या, आणि पानं कुजवायची, बडवायची म्हटल्यावर एकमेकींकडं बघून खिदळायला लागल्या.

"अवो बाई, ते सडकं काम आमाला सांगताय व्हय?" गिताबाई म्हणाल्या. "ते ज्यांचं हाय त्यांनीच करावं. आमाला पांढरा वाख द्या. मंग बघा आमच्या बोटांची कला."

ज्यांचं ते काम, त्यांना बोलावणं गेलं. मांगवाड्यातून धुरपदा आली आणि तिच्याबरोबर चारजणी. धुरपदा तिशीची, सडसडीत, कमी बोलणारी. तिचा नवरा दौंडला रेल्वेच्या कोळशावर कामाला गेला तो तिथंच दुसरी करून बसला होता. घरात ती आणि तिची लेक नकुशी. दोर द्यायचे आणि त्याच्या बदली दारोदार फिरून शिळी भाकरी गोळा करायची, हाच त्यांचा चरितार्थ. देवळाची पायरी चढायची नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती खालीच, लिंबाच्या बुंध्याशी बसली.

झालं, कामाची वाटणी होऊन गेली. पाचजणी नदीवर घाणीत उभ्या राहायच्या, पंधराजणी मंडपात गाणी म्हणत पिशव्या विणायच्या. आणि पुण्याहून कुणी बघायला आलं की फोटो मंडपाचा निघायचा.

पण प्रेमाबाईंना खरी किळस आली ती वाखाची पहिली पेंढी आली तेव्हा. धुरपदानं ती पायरीवर ठेवली आणि मागं सरली. गिताबाई तांब्या घेऊन पुढं आल्या. तांब्यात गोमूत्र. लिंबाचा डहाळा त्यात बुडवला आणि पेंढीवर फटाफट शिंपडला. मग म्हणाल्या, "हं, घ्या गं आता आत."

धुरपदा समोर उभी होती. तिच्या तोंडावरची रेषा हलली नाही. प्रेमाबाईंच्या मात्र अंगावर पाल पडल्यासारखं झालं. पांढराधोट वाख, नदीत दहा पाण्यांनी धुतलेला, उन्हात कडकडीत वाळवलेला, आणि त्याच्यावर हे पिवळे शिंतोडे! शुद्ध कोण, अशुद्ध कोण, आणि शुद्ध करायला हे! त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की बायांनो, लाज वाटू द्या. तोंडातून निघालं ते एवढंच:

"गिताबाई, वाख ओला होईल हो."

"दोन थेंबांनी काय व्हतंय?" गिताबाई हसल्या, आणि प्रेमाबाई चष्मा पुसत बसल्या. त्यांना स्वतःचाच असा राग आला की त्या दिवशी दुपारचा चहा त्यांना गेला नाही. दुसऱ्या दिवशीचा गेला.

देखरेखीसाठी त्यांना नदीवर जावं लागे. जाताना नाकाला पदर, हातात स्वतःचा फिरकीचा तांब्या. डबक्याशी धुरपदा गुडघाभर काळ्या पाण्यात उभी असायची, सडक्या पानांचा गाळ कोपरापर्यंत माखलेला, हाताला खाजेचे लाल फोड. उन्हानं घसा सुकला की ती काठावरच्या आपल्या गाडग्यातलं पाणी प्यायची, आणि एकदा ते गाडगं तिनं प्रेमाबाईंपुढं केलं.

"घ्या बाई. वरच्या झऱ्याचं हाय, डबक्यातलं न्हाई."

"नको गं. मला बाहेरचं पाणी सोसत नाही," प्रेमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या तांब्याची फिरकी उघडली. त्यात गिताबाईंच्या आडाचं पाणी होतं. ते बरं सोसत होतं.

धुरपदानं गाडगं खाली ठेवलं. त्यानंतर तिनं कधी पाणी विचारलं नाही.

असं सगळं असूनही एक गोष्ट प्रेमाबाईंना नाकारता येईना. खाली लिंबाशी बसून, मान वर करून बघता बघता धुरपदानं मंडपातलं सगळं काम उचललं होतं. तिच्या पिशवीची वीण अशी घट्ट की पाणी भरलं तर थांबावं. वरच्या बायकांचं काम म्हणजे हौस होती. विणलेलं कमी, उसवलेलं जास्ती. समितीला दौंडला नवं केंद्र काढायचं होतं, त्याला एक शिकवणारी बाई हवी होती. पगार, राहायला खोली. प्रेमाबाईंनी समितीच्या अध्यक्षीणबाईंना धुरपदाचं नाव सुचवलं. "दौंडला आपण प्रदर्शन ठेवतोय ना, तिथं काम बघू आणि तिथल्या तिथं ठरवू," असं त्या म्हणाल्या.

हे धुरपदाला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलली.

"बाई, मला पगाराचं येवढं न्हाई. माझी नकुशी रोज सांजच्याला टोपलं घिऊन दारोदार उभी ऱ्हाती. 'भाकर वाढा वो माय' म्हणती. ते तिच्या तोंडातनं सुटलं पायजे. दौंडात कोन कुनाच्या दारात उभं ऱ्हातंय?"

मग ती चार आसनं आणि सहा पिशव्या घेऊन बसली. बोटं सोलून निघेपर्यंत तिनं काम केलं.

प्रेमाबाईंनीही स्वतःच्या हातानं एक वस्तू करायला घेतली. अध्यक्षीणबाईंच्या स्वागताला वाखाच्या फुलांचा हार. एका दुपारी आपल्या खोलीत दार लोटून त्या बसल्या होत्या. वर्गात त्या फळीला ठोकलेल्या आकड्याला वाख अडकवून पीळ द्यायला शिकवत, मडमेनं शिकवलं तसं. पण बारीक दोरीला त्या आकड्यानं नीट पीळ बसेना. शेवटी वैतागून त्यांनी डावा पाय पुढं घेतला, वाखाचं टोक अंगठ्यात धरलं, तळहातावर थुंकी लावली आणि सरसर दोरी वळायला लागल्या. वडील वळायचे तशी. तेवढ्यात दार ढकलून धुरपदा आली. प्रेमाबाईंनी पाय चटकन पातळाखाली ओढून घेतला.

धुरपदानं पायाकडं बघितलं, दोरीकडं बघितलं. "आसनं झाली, येवढंच सांगाया आले हुते," असं म्हणून ती गेली. प्रेमाबाईंनी साबण लावून हात धुतले. दोनदा धुतले. अंगठाही धुतला.

प्रदर्शन श्रावणात ठरलं. देवळात सप्ताह बसला होता, त्यामुळं तयार माल ठेवायला जागा नव्हती. गिताबाई म्हणाल्या, "आमच्या कोठीच्या खोलीत ठिवा. पोती शिवून ट्रकात घालायचं मी बघते." प्रेमाबाईंना बरंच वाटलं. पोत्यात भरण्याआधी त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघितली, हुंगून बघितली. वाळलेल्या गवतासारखा हलका वास, बाकी काही नाही. हार तेवढा त्यांनी आपल्या पिशवीत ठेवला, फुलं चेपू नयेत म्हणून.

दौंडला स्टेशनजवळच्या एका हॉलात टेबलं मांडली होती. इंजिनांच्या शिट्या आणि कोळशाचा धूर खिडकीतून आत येत होता. रेल्वेतल्या साहेबांच्या बायका, शाळामास्तर, गावातले व्यापारी, बरीच मंडळी जमली होती. गुळाच्या ट्रकातून पोती आली. पोत्यांबरोबर मागं उभी राहून धुरपदा आली. गिताबाई आणि त्यांची धाकटी जाऊ पुढं ड्रायव्हरजवळ बसून आल्या. अध्यक्षीणबाई मोटारीतून उतरल्या, अत्तराचा घमघमाट घेऊन. प्रेमाबाईंनी त्यांच्या गळ्यात हार घातला. "अय्या, किती नाजूक! खरी शेवंतीच वाटते," असं म्हणून त्यांनी तो गालाला लावला.

"चला, आता आमच्या भगिनींची कला बघू या," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या पोत्याची शिवण उसवली.

वास हॉलभर झाला. कुणीतरी "शी!" केलं, कुणी खिडकीकडं पळालं. गोठा महिनाभर काढू नये आणि त्याची दारं बंद करून ठेवावीत, तसा डोळ्यांना झोंबणारा वास. गिताबाईंच्या जावेनं आसन ओढून बाहेर काढलं. ते पिवळं पडलं होतं, त्यावर काळ्या बुरशीचे ठिपके, मधे बोट लागेल तिथं बुळबुळीत. पिशव्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सोडवताना त्यांचा चिकट असा आवाज झाला. धुरपदाच्या सहाही पिशव्या त्यात होत्या. अध्यक्षीणबाईंनी रुमाल नाकाला लावला आणि दोन पावलं मागं घेतली.

प्रेमाबाईंना क्षणात सगळं उमगलं. घरच्या कोठीत मांगिणीच्या हातचा माल ठेवायचा, म्हणजे दोन थेंबांनी कसं भागणार? गिताबाईंनी तांबेच्या तांबे रिकामे केले असणार. आणि तसाच ओला माल कोंबून पोत्यांची तोंडं शिवली असणार, श्रावणातल्या दमट हवेत.

"हा काय प्रकार आहे?" रुमालाआडून प्रश्न आला.

गिताबाई क्षणभर गोरीमोरी झाल्या. आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं, हे प्रेमाबाईंनी त्यांच्या डोळ्यांत वाचलं. मग त्या डोळ्यांनी दाराशी उभ्या धुरपदाला शोधून काढलं.

"वाख हिनं धुतलाय," गिताबाई बोट दाखवून म्हणाल्या. "डबक्यातली घाण तशीच ऱ्हायली असंल. आमी काय, हाताला आला तसा इनला. ह्यांच्या हातचं नासनारच की वो."

सगळ्यांनी वळून बघितलं.  पोत्यातून निघालेलं आपलं आसन धुरपदा बघत होती, मेलेलं तान्हं मूल बघावं तसं.

"तू जरा बाहेर थांब बाई," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि ती बाहेर गेल्यावर प्रेमाबाईंकडं वळल्या. "तुम्ही यातल्या जाणकार. सांगा, हा वास कशाचा?"

"सांगा की बाई," गिताबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुमी आमच्या घरच्यावानी."

घरच्यावानी! प्रेमाबाईंच्या डोळ्यांपुढून ओसरी गेली, कपबशी गेली, आल्याचा वास गेला. एक शब्द बोलला की मारुतराव उद्या वर्ग बंद करणार. नोकरी जाणार. आणि नाही बोललं, तर नकुशी सांजच्याला टोपलं घेऊन उभी राहणार, जन्मभर. एवढे दिवस त्या गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्प बसण्याचा वास समोर टेबलावर पसरला होता. त्यांना त्याची शिसारी आली.

"वाखाला वास नव्हता," त्या म्हणाल्या. "पोत्यात भरण्याआधी मी एकेक वस्तू हुंगून घेतली आहे. हा वास गोमूत्राचा आहे. गिताबाईंनी मालावर ते ओतलं आणि ओल्या मालाची पोती शिवली."

"गोमूत्र? कशासाठी?"

"धुरपदाचा हात लागला होता म्हणून."

 आता धरणी दुभंगणार, असं प्रेमाबाईंना वाटलं. अध्यक्षीणबाई भाषणात समता म्हणायच्या, बंधुभाव म्हणायच्या. आता त्यांच्या तोंडून काय निघतं ते ऐकायला प्रेमाबाई श्वास धरून उभ्या राहिल्या.

अध्यक्षीणबाईंनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"गोमूत्र होय!" त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "अगं बाई, आणि मी मेलीनं मनात काय काय आणलं! म्हटलं कुठल्या घाणीत बुडवून आणलंय कोण जाणे. गोमूत्रच ना? उन्हात टाकलं की झालं."

आणि मग प्रेमाबाईंनी आयुष्यात बघितली नव्हती अशी गोष्ट बघितली. हॉलातल्या एकेकीचा पदर नाकावरून खाली आला. वास तोच, आसन तेच, बुरशी तीच. झोंबून झोंबून डोळ्यांना पाणी येत होतं, तरी कुणाला आता घाण वाटेना. खिडकीशी पळालेली बाई परत आली. एकीनं तर बुळबुळीत पिशवी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली.

"पद्धत चुकली असेल, पण माल शुद्ध राहावा ही काळजी तर घेतली," अध्यक्षीणबाई पुढं म्हणाल्या. "केंद्राला अशीच काळजी घेणारी, घरंदाज बाई हवी. गिताबाई, तुमच्या जाऊबाई येतील का दौंडला? त्या धुरपदाबाईंना आपण वाख धुवायला ठेवूच की. त्यांचाही विकास व्हायला हवा."

डबक्याच्या काठी प्रेमाबाईंना कधी ओकारी झाली नव्हती. आता ती नरड्याशी आली. हॉल, टेबलं, साड्या, अत्तर, सगळ्याची त्यांना एकदमच किळस आली. आणि डोक्यात तिडीक गेली.

"बाईसाहेब, मग तेवढा हार राहिलाच," त्या म्हणाल्या.

"कुठला हार?"

"तुमच्या गळ्यातला. त्याच्यावर शिंपडायचं राहून गेलं. त्यातलं फूल न् फूल मी केलंय, पायाच्या अंगठ्यात वाख धरून आणि हाताला थुंकी लावून. माझ्या वडिलांचं नाव येशुदास. त्याआधीचं येसा. घोडनदीचा येसा मांग."

अध्यक्षीणबाईंचा हात झटक्यानं गळ्याशी गेला. दोन बोटांनी त्यांनी हार चिमटीत धरला, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सगळे बघताहेत. हार काढावा तर पंचाईत, ठेवावा तर अंगावर काटा. तशाच चिमटीत हार धरून, मान मागं ओढून त्या उभ्या राहिल्या. मघाशी ज्या गालाला त्यांनी तो लावला होता तो गाल लालभडक झाला होता. गिताबाईंचा हात कपाळाला गेला. "आगं आई गं," त्या जावेच्या कानात म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "आमच्या कपबशा!"

प्रेमाबाई बाहेर आल्या.

धुरपदा हॉलच्या मागं, रेल्वेच्या नळाशी उकिडवी बसली होती. खिडक्या उघड्याच होत्या, तिला सगळं ऐकू आलं होतं. प्रेमाबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. 

"जागा गेली न्हवं?" धुरपदानंच विचारलं.

"गेली."

"आन् तुमची?"

"माझीबी गेली," प्रेमाबाई म्हणाल्या. आपण कसं बोललो ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

धुरपदानं मान वर केली. प्रेमाबाईंना वाटलं, आता ही दोन शब्द बरे बोलेल. त्यासाठी त्यांचे कान आसुसले होते.

"मला ठावं हुतं," धुरपदा म्हणाली. "तुमी पाय वडून घेतला, तवाच कळलं. अंगठ्यात वाख असा दुसरं कोन धरतंय? गिताबाईनं डहाळा मारला त्याचं मला काय न्हाई वाटलं बाई. ती मारनारच. पर तुमी आमच्यातल्या असून माझं गाडगं परत केलं. त्यो पाय बघितला त्या दिवसाधरनं तुमच्या तोंडाकडं बघितलं की मला किळस याची."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. ऊन पडलंय म्हणावं तसं म्हटलं. प्रेमाबाईंनी चष्मा काढला, पुसायला पदर घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. वडिलांनी डोक्यावर हात ठेवला की आपण मान काढून घ्यायचो, तेव्हा आपली किळस त्यांनाही कळत असेल का, हे प्रेमाबाईंच्या मनात इतक्या वर्षांत कधी आलं नव्हतं. ते आता आलं.

खांद्याला फिरकीचा तांब्या लटकत होता. त्यात अजून गिताबाईंच्या आडाचं पाणी होतं. प्रेमाबाईंनी फिरकी उघडली आणि ते नळाच्या मोरीत ओतून दिलं. मग धुरपदाशेजारी खाली बसल्या.

"धुरपदा, पाणी दे."

धुरपदानं बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं. मग गाठोड्यातून आपला चेपलेला पितळी तांब्या काढला आणि सवयीनं नळाखाली धरून घासायला लागली.

"धुऊ नको," प्रेमाबाई म्हणाल्या.

तिचा हात थांबला. तिनं तसाच तांब्या भरला आणि पुढं केला. मधे जमिनीवर ठेवला नाही, हातात दिला. तिच्या हाताला तोच वास होता, सडक्या केकताडाचा, साबणानं न जाणारा. पाण्यालाही तो लागला होता. प्रेमाबाईंच्या पोटात ढवळून आलं, जन्मभर येत होतं तसंच. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि तळाचा थेंब जाईपर्यंत खाली घेतला नाही.

"घोडेच्या डबक्यात एक खेप भिजत हाय," धुरपदा म्हणाली. "परवा काढाया लागंल. न्हाईतर वाया जाईल."

"येते मी," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पातळाचा ओचा खोचला.